दाराशी येणारे सरकार

लोकशाहीचा विषय निघाला की आपण दिल्लीचे नाव घेतो, बंगळूरचे घेतो, मुंबईकडेही आशेने पाहतो. परंतु सामान्य गृहस्थाची आणि गृहिणीची सरकारशी रोज उठून जी गाठ पडते, ती या तिन्ही राजधान्यांत पडत नाही. ती पडते पहाटे नळाला येणाऱ्या, किंवा न येणाऱ्या, पाण्यापाशी. ती पडते दारापुढच्या गटारापाशी, कोपऱ्यावरच्या विझलेल्या दिव्यापाशी, घंटागाडीच्या मागे धावताना, आणि सायंकाळी नातवंडाला घेऊन घटकाभर टेकावे म्हणून शोधलेल्या झाडाखालच्या बाकापाशी. हे सरकार आपल्या दाराशी येते. त्याचा प्रतिनिधी आपल्याच गल्लीत राहतो, आपल्याच किराणा दुकानात उधारी ठेवतो, आणि आपल्या घरच्या लग्नात पंगतीला बसतो. त्यालाच आपण नगरसेवक म्हणतो.

बेळगाव-निपाणीच्या आपल्या मुलखात या नगरसेवकाकडे पाहण्याची दृष्टी मात्र पुण्या-कोल्हापुराहून वेगळी राहिली आहे. त्याला कारणही तसेच घडले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला हा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून नगरपालिकेची निवडणूक ही येथे पाणी-दिवाबत्तीची निवडणूक उरली नाही. ती अस्मितेची कसोटी झाली. उमेदवार उभा राहिला की पहिला प्रश्न ठरलेला असे: हा कोणत्या बाजूचा? तो प्रश्न खोटा होता असे कोणी म्हणणार नाही. २००४ पासून त्याचा दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आहे आणि त्याची चर्चा करण्याचा या लेखाचा हेतू नाही. परंतु पहिल्या प्रश्नाच्या पाठोपाठ जो दुसरा प्रश्न विचारायला हवा होता, तो आपण पुष्कळदा विचारलाच नाही. निवडून आल्यावर हा करणार काय? गटाराचे काय, कचऱ्याचे काय, उरल्यासुरल्या झाडांचे काय? या दुसऱ्या प्रश्नाचा विचार व्हावा, एवढ्यासाठीच हा प्रपंच.

पूर्वसूरींची वाट

आपल्याकडील नगरपालिका काही आजकालच्या नव्हेत. १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने गावकऱ्यांना आपल्या गावची व्यवस्था पाहण्यासाठी मंडळ स्थापन करण्याची मुभा दिली, आणि त्या दशकातच बेळगाव व निपाणी या दोन्ही गावी नगरपालिका सुरू झाल्या. म्हणजे मुंबईत विद्यापीठ स्थापन होण्याच्या सुमाराचीच ही गोष्ट. १९७६ मध्ये बेळगाव नगरपालिकेची महानगरपालिका झाली. निपाणीत नगरपालिका राहिली.

त्या जुन्या काळात नगरपालिकेचे सभासदत्व हे समाजकार्याचे पहिले पाऊल मानले जाई. महात्मा जोतीराव फुले हे १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शहरातल्या श्रीमंत पेठांना पाणी मिळते आणि गोरगरिबांच्या वस्त्या कोरड्या राहतात, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. गावात दारूची दुकाने वाढू लागली तेव्हा त्यांनी आवाज उठविला. मंडईच्या खर्चिक इमारतीपेक्षा तो पैसा लोकांच्या शिक्षणावर लावावा, असे त्यांचे मत होते. त्याच मंडईला पुढे त्यांचे नाव दिले गेले, हा इतिहासाचा एक चमत्कारिक न्याय म्हणावा लागेल. नामदार गोखल्यांनीही विसाव्या शतकाच्या आरंभी पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळले. देशाचे अर्थकारण विधिमंडळात मांडणाऱ्या त्या पुरुषाला गावच्या गटारांचे काम हलके वाटले नाही.

खुद्द बेळगावच्या मातीतही असा एक धडा पुरलेला आहे, आणि पुरलेला हा शब्द येथे शब्दशः खरा आहे. १९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीच्या माळावर राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद स्वीकारलेले ते एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांच्या नेतृत्वाखाली माळावर एक नगरच उभे राहिले. त्याला विजयनगर असे नाव दिले होते. एवढ्या लोकांना पाणी कोठून द्यावयाचे? म्हणून तेथे एक मोठी विहीर खोदण्यात आली आणि तिला पंपा सरोवर असे नाव ठेवले. ती आजही काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते.

पुढे १९६० च्या दशकात राकसकोप जलाशयाचे पाणी नळाने घरात आले. घरात पाणी आल्यावर विहिरीची आठवण कोण ठेवतो? शहरातल्या जुन्या विहिरी एकेक करून केरकचऱ्याने भरू लागल्या. कोणी त्यांत निर्माल्य टाकले, कोणी मोडके सामान, कोणी इमारतीचा राडारोडा. काँग्रेस विहिरीचीही तीच गत झाली. मग १९९० नंतरच्या दशकात पाण्याची टंचाई जाणवू लागली, तेव्हा जुन्या विहिरींची आठवण झाली. अभियांत्रिकीचे जाणकार आणि महापालिका यांनी मिळून शहरातल्या मोठ्या जुन्या विहिरींचा शोध घेतला, गाळ उपसला, पंप बसविले आणि ते पाणी पुन्हा वापरात आणले. काँग्रेस विहीर त्यांच्यांत होती. दूरच्या धरणातून नवी वाहिनी टाकण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी स्वस्तात पडणारा होता.

या प्रसंगातून नगरसेवकाच्या कामाचे सारे मर्म ध्यानात येते. आपल्या गल्लीत विहीर कोठे आहे, ती कधी बुजली, तिचे पाणी गोडे होते की मचूळ, हे बंगळूरच्या सचिवालयाला ठाऊक असण्याचे कारण नाही. ते गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते, आणि त्या म्हाताऱ्यांच्या ओसरीवर बसणाऱ्या नगरसेवकाला ठाऊक असू शकते.

रिकाम्या खुर्च्यांची वर्षे

हे मर्म ध्यानात घेतले म्हणजे बेळगावने गेल्या वीस वर्षांत काय सोसले आहे, याची कल्पना येईल. २००५ मध्ये सीमाप्रश्नावरील ठरावानंतर राज्य सरकारने महापालिका बरखास्त केली. २०११ च्या डिसेंबरात ती पुन्हा बरखास्त झाली. पुढे आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०१९ मध्ये संपली. नवी निवडणूक व्हावयास सप्टेंबर २०२१ उजाडला. त्या वेळी ५८ प्रभागांसाठी मतदान झाले आणि प्रथमच राष्ट्रीय पक्ष आपापल्या चिन्हांवर महापालिकेच्या मैदानात उतरले. परंतु निवडून आलेल्यांनाही महापौर मिळाला तो फेब्रुवारी २०२३ मध्ये. म्हणजे जवळजवळ चार वर्षे पाच लाख वस्तीच्या या शहराचे सभागृह भरले नाही.

ती चार वर्षे कोणती होती हे आठवून पाहा. २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला. निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी राष्ट्रीय महामार्गावर चढले आणि वाहतूक बंद पडली. बेळगावात बळ्ळारी नाल्याचे पाणी शहापूर-वडगावच्या शिवारात पसरले. २०२० व २०२१ ही कोरोनाची वर्षे. याच काळात स्मार्ट सिटीची कामे जोरात चालली होती. जानेवारी २०१६ मध्ये देशातल्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत बेळगावचे नाव लागले आणि त्यासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. रस्ते खोदले गेले, बांधले गेले, पुन्हा खोदले गेले. प्रशासकीय अधिकारी कर्तबगार नसतात असे नव्हे. पुष्कळ अधिकारी मनापासून काम करतात. परंतु अधिकारी आज येतो आणि उद्या बदलून जातो. ज्याला पुन्हा त्याच गल्लीत तोंड दाखवावयाचे आहे, असा माणूस त्या चार वर्षांत खुर्चीवर नव्हता. तक्रार कोठे करावयाची हेच अनेकांना कळेना.

आपल्या मताची किंमत पुष्कळदा ते मत देण्याची संधी नसते तेव्हाच कळते. आता सभागृह आहे. त्याचा उपयोग आपण कसा करून घेतो, हा खरा प्रश्न आहे.

अधिकार आणि त्यांची मर्यादा

नगरसेवकाच्या हाती असते तरी काय, असे निराशेने विचारणारे पुष्कळ भेटतात. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावे परिशिष्ट जोडले गेले. नगरपालिकांकडे सोपवावयाचे अठरा विषय त्यात नोंदलेले आहेत. पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, सफाई व घनकचरा, नागरी वनीकरण, उद्याने व क्रीडांगणे, दिवाबत्ती, स्मशाने, कोंडवाडे असे हे विषय आहेत. माणसाचा जन्म नोंदण्यापासून त्याला अग्नी देण्याच्या जागेपर्यंत सारे त्यात आले. स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखण्याचे बंधनही त्याच दुरुस्तीने आले, आणि कर्नाटकाने पुढे ते प्रमाण निम्म्यापर्यंत नेले.

कायद्यात असलेले सर्वच व्यवहारात उतरले असे नाही. पैशाच्या दोऱ्या राज्य सरकारच्या हाती राहिल्या. पाणी, सांडपाणी, रस्ते यांसाठी वेगवेगळी मंडळे व कंपन्या आल्या. बेळगावचे महापौरपद एकाच वर्षाचे, तेही आरक्षणाच्या फेऱ्याप्रमाणे येणारे. खुर्ची ओळखीची होईपर्यंत ती सोडण्याची वेळ येते. या मर्यादा खऱ्या आहेत. परंतु त्यांच्या आड लपणाऱ्यांचीही संख्या थोडी नाही.

थोडा हिशेब करून पाहू. २०११ च्या जनगणनेत निपाणीची लोकसंख्या सुमारे ६३ हजार होती आणि नगरपालिकेत प्रभाग आहेत ३१. म्हणजे एका नगरसेवकाच्या वाट्याला सरासरी दोन हजार माणसे, चार-साडेचारशे घरे. सकाळी चालावयास निघालेला माणूस दोन तासांत एवढा प्रभाग पालथा घालील. बेळगावात हा आकडा सरासरी साडेआठ हजारांच्या आसपास जातो. आमदाराच्या वाट्याला दोन-अडीच लाख माणसे येतात, खासदाराच्या वाट्याला त्याहून कितीतरी अधिक. ज्याला आपल्या मतदाराचे घर, त्याचे नाव आणि त्याच्या घरचे दुखणे ठाऊक असू शकते, असा लोकप्रतिनिधी शहरात नगरसेवक हा एकटाच. ती त्याची खरी शक्ती आहे, आणि कोणतेही सरकार ती काढून घेऊ शकत नाही.

कचरा कोणाचा आणि कोणाच्या दारी

या शक्तीची खरी परीक्षा कचऱ्याच्या प्रश्नात होते. कचरा ही मोठी विलक्षण वस्तू आहे. ती हातातून सुटली की आपली उरत नाही, असे प्रत्येकाला वाटते. परंतु नष्ट काहीच होत नाही. आपल्या दारातून गेलेला केर दुसऱ्या कोणाच्या तरी दारी जाऊन पडतो. बेळगावचा केर वेंगुर्ला रस्त्याच्या बाजूला असलेल्या तुरमुरी गावाच्या हद्दीत जातो. तेथे कचरा प्रकल्प आहे. दुर्गंधी, माशा आणि झिरपणारे घाण पाणी यांविषयी तेथील ग्रामस्थांनी वेळोवेळी तक्रारी केल्या आहेत. तुरमुरीची माणसेही आपलीच आहेत. त्यांच्या शिवाराला आपण आपल्या शहराचा उकिरडा करीत असू, तर मराठीपणाच्या आपल्या साऱ्या बोलण्याला काय अर्थ उरतो?

उपाय सांगावयास सोपा आहे. ओला केर आणि सुका केर घरातच वेगळा ठेवावा. २००० सालच्या नियमांनी वर्गीकरणाचा विषय पुढे आणला. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक असे तीन भाग करण्याची जबाबदारी घराघरावर टाकली. ही केवळ सरकारी हौस नव्हे. त्यामागे साधे शास्त्र आहे. आपल्या शहरांतल्या केरापैकी निम्म्याच्या आसपास किंवा अधिक भाग ओला असतो, म्हणजे भाजीची देठे, फळांची साले, उष्टे अन्न. हा भाग हवेशीर कुजला तर त्याचे उत्तम खत होते. तोच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ढिगाखाली दाबला गेला तर हवेवाचून कुजतो, त्यातून मिथेन वायू निघतो, ढीग पेटतात, आणि काळे पाणी झिरपून विहिरींत उतरते. उलट सुका भाग ओल्यात मिसळला की कागदाची रद्दी होत नाही आणि प्लॅस्टिकला भंगारवाला हात लावीत नाही. दोन वस्तू एकत्र केल्या की दोन्ही वाया जातात, वेगळ्या ठेवल्या की दोन्हींचे मोल येते. आपल्या आजीला हे ठाऊक होते. तिच्या घरात खरकटे गाईला जाई, राख भांड्यांना लागे, जुन्या लुगड्याची गोधडी होई, आणि केर म्हणून बाहेर फेकण्यासारखे ओंजळभरही उरत नसे.

मग हे होत का नाही? लोक अडाणी आहेत, बेशिस्त आहेत, असे उत्तर तत्काळ दिले जाते. मला ते पटत नाही. सीमाभागातल्या एका गावी मी मुख्याध्यापक असताना शाळेच्या कुंपणाला लागून एक उकिरडा होता. तेथे फलक लावून झाला, दंडाची दवंडी झाली, भिंतीवर देवादिकांची चित्रेही काढून झाली. उकिरडा जागचा हलला नाही. पुढे त्या प्रभागातून एक बाई निवडून आल्या. शिक्षण बेताचे, भाषण करणे जमत नसे. त्यांनी चार दिवस घरोघर जाऊन एकच चौकशी केली: घंटागाडी येते तेव्हा तुम्ही घरी असता का? उत्तर असे निघाले की गाडी दहाच्या सुमारास येई, आणि त्या वस्तीतल्या निम्म्या बायका आठाच्या आत दाराला कडी घालून कामाला गेलेल्या असत. कोणी तंबाखूच्या शेतावर, कोणी वळलेल्या विड्या घेऊन कारखान्यात. संध्याकाळी परत आल्यावर केराचे करावयाचे काय? तो कोपऱ्यावर जाई. बाईंनी खटपट करून गाडीची वेळ पहाटे साडेसहाची करून घेतली. पहिले दोन आठवडे त्या स्वतः गाडीबरोबर फिरल्या. महिन्याभरात उकिरडा निम्मा झाला, आणि पावसाळ्यापर्यंत तेथे मुलांनी लावलेली करंजाची दोन रोपे उभी राहिली. या कामाला पैसा लागला नाही. कोनशिला बसली नाही. म्हणूनच कदाचित असे काम फार जणांना सुचत नाही.

आपल्या शेजारच्या प्रदेशातही घेण्यासारखे पुष्कळ आहे. वेंगुर्ले हे सिंधुदुर्गातले बारा-तेरा हजार वस्तीचे गाव. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या कारकिर्दीत तेथील नगरपालिकेने केर घराघरातून वेगवेगळा घेण्याचा परिपाठ पाडला. ओल्या केरापासून वायू आणि खत, पालापाचोळ्यापासून जळणाच्या कांड्या, प्लॅस्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात, अशी प्रत्येक वस्तूची वाट लावून दिली. जेथे नाक धरून जावे लागे, त्या डेपोच्या जागेचे असे रूप पालटले की लोक ती पाहावयास जाऊ लागले. अधिकारी तळमळीचा असला आणि सभागृह त्याच्या पाठीशी उभे राहिले तर लहान गावही मोठ्या शहरांना धडा देते.

पुण्याची गोष्ट वेगळी, पण तितकीच महत्त्वाची. तेथे १९९३ मध्ये केर वेचणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. पुढे त्यांतूनच सहकारी संस्था उभी राहिली आणि घरोघरचा केर गोळा करण्याचे काम महापालिकेने करारान्वये त्या बायकांना दिले. ज्यांच्याकडे आपण पाहतही नाही, त्या वेचक बायका आणि भंगारवाले किती काळापासून नगरपालिकेचे काम फुकट करीत आले आहेत! त्यांना ओळखपत्र, हातमोजे, बसावयास सावलीची जागा आणि माणुसकीची वागणूक देणे ही काही फार मोठी मागणी नव्हे. निपाणीसारख्या विड्यांच्या गावात तर आणखी एक प्रश्न आहे. तेंदूच्या पानांची कातरण आणि तंबाखूची भुकटी घराघरात साचते. ती कातरण चुलीत जाते, नाही तर गटारात. तिचा धूर आणि धूळ विड्या वळणाऱ्या बायकांच्या आणि त्यांच्या मांडीवरच्या पोरांच्या छातीत जाते. तिच्यासाठी स्वतंत्र व्यवस्था करावी असे सभागृहात कोणी बोलेल काय?

सावलीचे राजकारण

आता हिरव्या जागांविषयी. बेळगावच्या हवेचे कौतुक करीत ब्रिटिशांनी येथे छावणी थाटली. त्या छावणीतली जुनी झाडे, किल्ल्याचा तलाव, आणि टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो ही शहराची फुप्फुसे होत. व्हॅक्सिन डेपोत एके काळी देवीच्या रोगावरची लस तयार होत असे. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. लशीचे काम संपले, पण तिच्यासाठी राखलेली विस्तीर्ण जागा आणि तिच्यातली झाडी शहराला लाभली. तेथे बांधकामांच्या योजना येऊ लागल्या तेव्हा नागरिकांनी हरकत घेतली, हे योग्यच झाले. कर्नाटकात वृक्षसंरक्षणाचा कायदा १९७६ पासून आहे. परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. परंतु झाड तोडणाराला पहाटेचे दोन तास पुरतात, आणि तक्रार करणाराला दोन महिने लागतात.

उद्यान म्हणजे काय, याविषयीही आपल्या कल्पना तपासून पाहाव्या लागतील. हिरवळ, कारंजे, रंगीत दिवे, सिमेंटचे हत्ती-जिराफ, आणि दुपारी कुलूप, असे उद्यान छायाचित्रात शोभते. परंतु हमाली करून दमलेल्या माणसाला, परीक्षेचा अभ्यास करावयास घरी जागा नसलेल्या मुलाला, सुनेशी खटका उडाला म्हणून घटकाभर बाहेर पडलेल्या म्हातारीला दुपारी सावली लागते. कारंजे एका वर्षात बंद पडते, वड शंभर वर्षे उभा राहतो. वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, बकुळ ही आपल्या मातीची झाडे. ती लावावीत आणि त्यांच्या बुंध्याशी पाणी मुरावयास जागा ठेवावी. आज रस्त्याकडेच्या पुष्कळ झाडांच्या गळ्यापर्यंत सिमेंट आणि पेव्हर आणून भिडविले आहेत. असे झाड पुढे वाऱ्यात कोसळले की आपण वाऱ्याला दोष देतो.

हिरवी जागा केवळ उद्यानातच असते असेही नाही. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर यांचे शिवार हे बेळगावचे सर्वांत मोठे हिरवे क्षेत्र आहे. बेळगावी बासमतीचा सुगंध याच काळ्या मातीतला. बळ्ळारी नाल्यात गाळ साचतो, जलपर्णी माजते, काठावर अतिक्रमणे होतात, आणि पाऊस लागला की शेतकऱ्याने लावलेले भात आठ-आठ दिवस पाण्याखाली राहते. नाला महापालिकेचा की पाटबंधारे खात्याचा, या वादात हंगाम निघून जातो. नाला साफ ठेवणे हे शेतकऱ्यावर उपकार करणे नव्हे. पुराचे पाणी पसरावयास जागा राहिली तरच शहर वाचते. ते शिवार उद्या बुजले तर पाणी टिळकवाडीच्या दिवाणखान्यात शिरेल, त्या वेळी ते कोणाची भाषा कोणती हे विचारणार नाही.

आपण काय करावे

नगरसेवकाला दोष देणे सोपे आहे. परंतु जसा समाज तसा त्याचा सेवक. लग्नाला मंडप, गणपतीला वर्गणी, मुलाच्या दाखल्यावर सही, एवढ्याच अपेक्षा आपण त्याच्याकडून ठेवल्या तर तो तेवढेच करील. वर्गणी देणारा नगरसेवक आपणास मोठ्या मनाचा वाटतो. ती वर्गणी कोठून येते हे आपण विचारीत नाही. स्त्री निवडून आली असेल तर तिच्या यजमानांना नमस्कार करून आपण काम सांगतो आणि राखीव जागेचा हेतू आपल्याच हाताने मोडून टाकतो.

त्यापेक्षा काही साधे प्रश्न आपण वर्षातून एकदा तरी विचारले पाहिजेत. अंदाजपत्रकात आपल्या प्रभागासाठी काय तरतूद झाली आणि किती खर्च झाली? प्रभाग समितीची कायद्यात तरतूद आहे, ती आपल्याकडे नेमली आहे काय आणि तिची बैठक कधी झाली? गेल्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांपैकी किती जगली? घंटागाडीत आपण वेगळा करून दिलेला केर पुढे एकत्रच टाकला जातो काय? सफाई कामगारांना पगार वेळेवर मिळतो काय, आणि गटारात उतरविताना त्यांच्या जिवाची काळजी घेतली जाते काय? हे प्रश्न मराठीतून विचारावेत, लेखी विचारावेत, आणि एकट्याने न विचारता दहा घरांनी मिळून विचारावेत. गाव करी ते राव न करी ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच रूढ केली नाही.

शिक्षकांनाही येथे काम आहे. गाडगेबाबा दिवसा हाती खराटा घेत आणि रात्री कीर्तन करीत. आधी जागा साफ झाली, मग उपदेश. आपण शाळांतून नेमके उलटे करतो. निबंध लिहून घेतो, प्रभातफेरी काढतो, आणि फेरीनंतर खाऊचे कागद मैदानावर तसेच पडलेले असतात. शाळेचे आपले खताचे खड्डे असावेत, मुलांनी झाड दत्तक घेऊन सातवी-दहावीपर्यंत त्याला पाणी घालावे. अशी मुले उद्या मतदार होतील तेव्हा कोणत्या उमेदवाराला काय विचारावे हे त्यांना शिकविण्याची गरज पडणार नाही.

शेवटी एक गोष्ट मनमोकळेपणाने सांगितली पाहिजे. नागरी सुविधांची चर्चा काढली की भाषेचा प्रश्न मागे पडेल, अशी भीती आपल्यांपैकी काही ज्येष्ठांना वाटते. ती प्रामाणिक आहे, म्हणून तिला उत्तर दिले पाहिजे. भाषा राहते ती माणसे राहतात म्हणून. ज्या गल्लीत पाणी नाही, जेथे नाला तुंबून डास झाले आहेत, जेथे पोरांना खेळावयास जागा नाही, त्या गल्लीतली तरुण मंडळी नोकरीचे निमित्त करून पुण्या-बंगळूरला जातात आणि परत येत नाहीत. मागे वाडे राहतात, त्यांना कुलपे राहतात, आणि गणपतीपुरते चार दिवस दिवे लागतात. आपली गल्ली राहण्याजोगी ठेवणे हे भाषा टिकविण्याचेच काम आहे. ज्या नगरसेवकाला हे कळले, त्याने दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकदम दिली असे समजावे. आणि ज्याला कळलेले नाही, त्याला ते समजावून सांगावयास आपल्या ओसरीपासून त्याच्या दारापर्यंतचे अंतर काही फार नाही.